चार लिटर टॉनिक आणि चोवीस ओळी: केळीवरच्या एका औषधाचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, तापीपासून तीन-चार किलोमीटरवर आमची पाच एकर केळी आहे. गेल्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत) त्यातल्या एका एकरावर मी केळीसाठीचं एक टॉनिक वापरून पाहिलं. हा त्याचाच अभिप्राय. औषधाचं नाव लिहीत नाही, कारण कृषी सेवा केंद्राच्या फळीवर अशा दहा-बारा बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि सगळ्यांच्या कागदावर दावा एकाच तऱ्हेचा असतो. एकीची परीक्षा कशी घ्यायची ते कळलं, तर बाकीच्यांचीही तशीच घेता येईल.

आधी बाटलीचं सांगते. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आणि अमिनो आम्ल. एक लिटरला १४५० रुपये. एकरी दोन लिटर, असे चार डोस. म्हणजे एकरी आठ लिटर, ११,६०० रुपये. झाकण पक्कं, सील नीट, पाण्यात टाकलं की गाळ न राहता विरघळतं. ड्रिपमधून सोडणाऱ्यांचे ड्रीपर तुंबत नाहीत, हे मी दोघा-तिघांकडून ऐकलं आणि एका जुन्या नळीवर सोडून स्वतः पाहिलं. जैवउत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ चाळवणारी अशी टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, म्हणून बाटलीवर घटकांचं प्रमाण छापलेलं असतं. या बाटलीवर ते आहे. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती सोबतच्या रंगीत पत्रकाबद्दल. त्यावर दोन खांब काढले आहेत. एक ठेंगणा, ‘न वापरलेले शेतकरी’. एक उंच, ‘वापरलेले शेतकरी’. खाली लिहिलंय, घडामागे चार किलोपर्यंत वाढ. आणि एक आलेख आहे, ज्यात मात्रा वाढत जाते तसा घडही वाढत जातो.

मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. लग्न होऊन या घरात आले आणि वही बदलली, त्यात खताचे हिशोब आणि टोळीची मजुरी आली. पण ते दोन खांब पाहिले आणि जुना प्रश्न उभा राहिला: उंच खांबातली माणसं आणि ठेंगण्या खांबातली माणसं, बाकी सगळ्या बाबतींत सारखी होती का?

आमच्या गावातच विचारून पाहिलं. अठरा केळीवाले. कोणी टॉनिक सोडलं, कोणी नाही, रोपं टिश्यूची (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) की जुन्या झाडाच्या कंदाची, आणि कापणीला रास किती पडली. (बाहेरच्यांसाठी: रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. आमच्याकडे बागेची लायकी रासेवरूनच ठरते.) नऊ जणांनी टॉनिक वापरलं होतं, नऊ जणांनी नाही. वापरणाऱ्यांची सरासरी रास २२.४ किलो, न वापरणाऱ्यांची १९.७. पावणेतीन किलोचा फरक. पत्रक जवळपास खरं बोलत होतं.

मग त्याच वहीत मी मधोमध एक रेघ मारली आणि टिश्यूवाले एकीकडे, कंदवाले एकीकडे केले. टॉनिक वापरणाऱ्या नऊ जणांत आठ टिश्यूवाले आणि एकच कंदवाला. न वापरणाऱ्यांत तीन टिश्यूवाले आणि सहा कंदवाले. टिश्यूवाल्यांची रास २३ च्या आसपास, टॉनिक असो की नसो. कंदवाल्यांची १८ च्या आसपास, टॉनिक असो की नसो. आठ वेळा २३ आणि एकदा १८ यांची सरासरी काढा, २२.४ येते. तीन वेळा २३ आणि सहा वेळा १८ यांची काढा, १९.७ येते. पावणेतीन किलो तिथून आले होते. औषधाचा एक थेंबही न धरता तो सगळा फरक जुळतो.

हे कळायला अवघड नाही. टिश्यूची रोपं पैसे टाकून आणावी लागतात. ज्याच्याकडे ती आणायची ऐपत आहे, त्याच्याकडे ड्रिप आहे, विहिरीला पाणी आहे, दुकानात उधारी मिळते, आणि तोच माणूस १४५० ची बाटलीही उचलतो. टॉनिक आणि मोठा घड एकाच दारातून बाहेर पडतात, म्हणून सोबत दिसतात. संख्याशास्त्रात याला सहसंबंध म्हणतात. तो खरा असतो, खोटा नसतो. फक्त एकामुळे दुसरं झालं एवढं तो सांगत नाही. ते सांगायला कार्यकारण दाखवावं लागतं, आणि त्याला वेगळी मेहनत पडते.

त्या चढत्या आलेखाचंही तेच. सहसंबंधाचा आकडा काढताना मात्रा आडव्या अक्षावर ठेवा की उभ्या, आकडा तोच येतो, तसूभर बदलत नाही. कोण कोणामुळे वाढलं, याची त्या आकड्याला गंधवार्ताही नसते. आमच्याकडे तर उलटंही घडतं. बाग जोमात दिसली की माणूस तिच्यावर आणखी खर्च करतो, आणि हरण्या रोग आला, म्हणजे सीएमव्ही या विषाणूनं पानं पिवळी पट्टेरी झाली, की हात आखडता घेतो. तिथं चांगल्या बागेमुळे औषध जास्त पडतं, औषधामुळे बाग चांगली होत नाही.

दुकानदार भाऊंना मी वही दाखवली. माणूस खोटा नाही, हे मी मनापासून लिहिते. ते म्हणाले, “वहिनी, मी डोळ्यांनी पाहतो ना, लोक परत येऊन घेऊन जातात.” बरोबर आहे. पण ज्याला गुण आला असं वाटलं, तोच परत येतो. ज्याला वाटलं नाही, तो काउंटरवर येऊन तसं सांगत बसत नाही, मुकाट्यानं दुसरी बाटली घेतो. भाऊंना दिसतात ती माणसं आधीच चाळणीतून आलेली असतात.

घरात जास्त वाद झाला तो सासऱ्यांशी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षं केळीत गेलेला माणूस, बसराईपासून ग्रँड नैनपर्यंत केळीचे सगळे वाण हाताखालून गेलेले. माझ्या प्रयोगाआधी एकदा बागेत औषध सोडलं होतं, त्यावरून त्यांचं म्हणणं सरळ होतं. “मले सांग, मांगच्या साली सतराची रास पडली. औषध सोडलं तं एकवीसची पडली. मंग?”

मागच्या साली थंडीचा चरका बसला होता. पारा आठ-दहावर उतरला की केळीची वाढ थांबते. निसवण (घड बाहेर पडणं) रखडते, घड पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात, अडकतो, बाहेर आला तरी फण्या आखूड राहतात. सतराची रास ही त्या थंडीची होती. पुढच्या हिवाळ्यात तशी थंडी पडली नाही आणि रास आपल्या नेहमीच्या जागेवर आली. औषध त्या दोहोंच्या मध्ये सोडलं गेलं, एवढंच. माणूस औषध आणतो ते वाईट सालानंतर, आणि फार वाईट सालानंतरचं साल बहुतेक वेळा बरंच असतं. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन या संशोधकानं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंच्या मांडून हीच गोष्ट दाखवली होती: फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, फार ठेंगण्यांचीही. काही न करताही झुकतात. जे टोकाला गेलेलं असतं, त्यात काही भाग त्या वर्षीच्या नशिबाचा असतो, आणि तेच नशीब दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच उभं राहत नाही.

आबांना हे पटलं नाही. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याकडेही तोंडी युक्तिवादापलीकडे काही नव्हतं. टॉनिक बिनकामाचं आहे, असं मी कुठे दाखवलं होतं? गावातल्या अठरा जणांत कंदवाला वापरणारा एकच, त्याच्यावरून काय बोलणार? म्हणून मी पेटी घेतली. पेटीत सहा बाटल्या, ८,७०० रुपये.

आता जे केलं ते सविस्तर सांगते, कारण कोणालाही करता येईल असं आहे.

एक एकराचा तुकडा, साडेपाच बाय पाचची लागवड, सगळी टिश्यूची रोपं, एकाच दिवशी लावलेली. कडेच्या दोन ओळी सोडून दिल्या, कारण पश्चिमेकडून उन्हाळ्यात जे झोत येतात त्यात कडेची झाडं आधी भाजतात, वारा अडवायला शेवरीची झाडं लावली तरी. उरल्या चोवीस ओळी. त्यांच्या शेजारी-शेजारी अशा बारा जोड्या केल्या. जोडीतल्या एका ओळीला टॉनिकच्या पाण्याची आळवणी (बुडाशी ओतणं), दुसरीला तेवढ्याच साध्या पाण्याची. साधं पाणी मुद्दाम, नाहीतर आळवणीच्या पाण्याचाच गुण औषधाच्या नावावर चढला असता.

कोणत्या ओळीला औषध, हा प्रश्न आला तेव्हा आमचे हे म्हणाले, “नाल्याकडच्या ओळींना देऊ. तिकडं झाड जोमदार आहे, औषध लागू पडंल, वाया नाही जाणार.” अगदी प्रेमानं म्हणाले. त्या क्षणी मला पुस्तकातली ओळ न् ओळ आठवली. नाल्याकडं जमीन खोल, ओल टिकते, तिथं दरवर्षी घड दीड-दोन किलोनं जड येतो. तसं केलं असतं तर टॉनिक बाटलीतून न काढताच जिंकलं असतं, आणि आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं असतं की गुण आला.

म्हणून नाणं. प्रत्येक जोडीसाठी एकदा. छापा पडला तर उजव्या ओळीला औषध, काटा पडला तर डाव्या. नाण्याला जमीन कळत नाही, झाडाचा जोम दिसत नाही, कोणावर माया नसते. शेतातल्या प्रयोगात वाटप असं चिठ्ठीवर सोपवायचं, हे रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं शिकवलं. १९१९ मध्ये तो इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला. तिथं वर्षानुवर्षांच्या खतांच्या नोंदी पडून होत्या, आणि त्यांतून खताचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता हे सुटं करता येईना. त्या अडचणीतून ही रीत निघाली. औषधांच्या दवाखान्यातल्या चाचण्या पुढं याच वाटेनं गेल्या. म्हणजे जग आज ज्या पद्धतीनं लस तपासतं, तिचं मूळ शेताच्या बांधावर आहे. मला याचा फार अभिमान वाटतो. आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, त्यांनी पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज काढायला यदृच्छ (चिठ्ठी टाकल्यासारख्या) निवडीनं कापणी करायची पद्धत देशात उभी केली. पीक कापणी प्रयोगाला तलाठी शेतात येतात आणि प्लॉट त्यांच्या किंवा आपल्या मर्जीनं न घेता ठरल्या आकड्यावरून घेतात, त्यामागे हाच विचार आहे.

कोणत्या ओळीला काय पडलं त्याची यादी मी एकटीनं लिहिली आणि डाळीच्या डब्यात ठेवली. आळवणीचं पाणी मीच कालवलं. ओळीच्या टोकाच्या खुंटावर फक्त नंबर. टोळीला माहीत नाही, काटा धरणाऱ्या यांनाही माहीत नाही. वजनाची झाडंही आधीच ठरवली: प्रत्येक ओळीत अकराव्यापासून विसाव्यापर्यंत. नाहीतर कापणीच्या दिवशी नजर आपोआप मोठ्या घडाकडं जाते. हरण्यानं तीन झाडं उपटावी लागली, तीही वहीत लिहिली, दोन औषधाच्या ओळीत, एक साध्या. उपटलेली झाडं हिशोबातून गुपचूप गळाली तर उरलेली रास छान दिसते, हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या डोसनंतर दहा दिवसांनी आबा बागेत फिरून आले आणि म्हणाले, “सहा नंबरची ओळ पाय, पान कसं काळंभोर झालं. हे औषध व्हय.” मी काही बोलले नाही. संध्याकाळी डबा उघडून पाहिलं. सहा नंबरला साधं पाणी होतं.

कापणी तीन आठवडे चालली. तीन बांबूंची घोडी, त्याला टांगता काटा, घड कापला की दांडा एकाच बोटभर ठेवून अडकवायचा. दोनशे सदतीस घड मोजले. टोळीतला मुकादम पहिल्या दिवशी कुरकुरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच आकडा ओरडून सांगायला लागला.

निकाल असा. टॉनिकच्या ओळींची रास २३.१. साध्या पाण्याची २२.८. तीनशे ग्रॅमचा फरक. बारा जोड्यांपैकी सात जोड्यांत टॉनिकची ओळ जड, पाच जोड्यांत साधी जड. सर्वांत मोठा फरक टॉनिकच्या बाजूनं १.४ किलो, उलट बाजूनं १.१.

सात-पाच म्हणजे जिंकलं का? त्याचा हिशोब घरबसल्या होतो. औषधात काहीच दम नाही असं धरा. मग प्रत्येक जोडी म्हणजे नुसतं नाणं. बारा नाणी उडवली तर सात किंवा त्याहून जास्त छापे पडायची शक्यता शंभरात जवळपास ३९. म्हणजे बिनकामाचं पाणीसुद्धा दर पाच वेळांत दोनदा असा निकाल देईल. बारापैकी दहा किंवा जास्त जोड्या जिंकल्या असत्या तर ती शक्यता शंभरात दोनाच्याही आत गेली असती, आणि मी हा अभिप्राय वेगळा लिहिला असता.

इथं मला नीट बोललं पाहिजे. टॉनिकचा काहीच उपयोग नाही, हे मी सिद्ध केलेलं नाही. चार किलो वाढ मात्र नाहीच. चार किलो असती तर बाराच्या बारा जोड्यांत डोळ्यांनी दिसली असती. तीनशे ग्रॅम खरे असतील, नसतील, बारा जोड्यांत ते ओळखू येत नाही. आणि खरे धरले तरी परवडत नाही. एकरी ११,६०० खर्च, आम्हाला त्या वेळी क्विंटलला बाराशे मिळाले, एकरी दीड हजार घड. खर्च निघायलाच घडामागे साधारण साडेसहाशे ग्रॅम वाढ लागते. भाव दोन हजारांच्या पुढं असेल तर हिशोब थोडा बदलेल, तो ज्यानं त्यानं आपल्या भावानं मांडावा. कंदाच्या बागेत किंवा हलक्या जमिनीत काय होईल, ते माझ्या चोवीस ओळी सांगू शकत नाहीत.

कंपनीच्या माणसाला फोन केला. चाचणी कुठं झाली, कोणाला द्यायचं ते कसं ठरवलं, एवढंच विचारलं. त्यानं तेच पत्रक व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवलं, आणि चार घडांचे फोटो, शेजारी हसरा शेतकरी. याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. केळीवाला कर्ज काढून बाटली घेतो. त्याला दोन खांब दाखवायचे तर ते खांब कसे उभे केले तेही सांगायला हवं. पाचपैकी दोन तारे देते, ते दोन्ही बाटलीला आहेत. पत्रकाला एकही नाही.

आबांनी निकाल ऐकला आणि बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, “तं मंग इडीनं छातीचा रोग होतो हे तरी कुठं नाणं उडवून पायलं कोणी?”

प्रश्न मोलाचा होता, आणि गंमत म्हणजे खुद्द फिशरनंही तो विचारला होता. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनी लंडनच्या दवाखान्यांतल्या रुग्णांवरून सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. फिशर म्हणाला, एखाद्या आनुवंशिक गुणामुळे माणूस सिगारेटही ओढत असेल आणि त्याला कॅन्सरही होत असेल. माझ्या टिश्यूच्या रोपांसारखीच तिसरी गोष्ट. माणसांना नाणं उडवून विडी प्यायला लावता येत नाही, म्हणून तिथं दुसऱ्या वाटेनं जावं लागलं. जास्त ओढणाऱ्यांना जास्त कॅन्सर. सोडणाऱ्यांचा धोका उतरत गेलेला. आधी सिगारेट, वर्षांनी रोग, कधी उलटं नाही. धुराच्या डांबरानं जनावरांना गाठी आलेल्या. देश वेगळे, माणसं वेगळी, उत्तर तेच. एकेक धागा तोडता येतो, सगळे मिळून दोर झाला तो फिशरच्या हातून तुटला नाही. मी हे आबांना सगळं सांगितलं. विडी विझवली नाही त्यांनी, पण मध्ये थांबवलंही नाही.

पेटीतल्या दोन बाटल्या उरल्या आहेत. यंदाच्या कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेत, अर्ध्या एकरावर, कंदाच्या रोपांत, पुन्हा जोड्या आखल्या आहेत. या वेळी यादी आबांकडे आहे. नाणं त्यांनीच उडवलं, दोन रुपयांचं, आणि कोणत्या ओळीला काय आहे ते मला सांगत नाहीत.